कंडक्टरकाकांचा डबा वेगळा

ताई,

तुझा आजचा डबा तुझ्या धाकट्या भावाने खाल्ला आहे. आता असं काही घडलंच नाही, असं समजून पुढे वाच. मीठ बरोबर पडलंय का हे बघता बघता डबा संपला, म्हणून बिचाऱ्याने दुसरा भरला: उकडलेले हरभरे, काकडी, गाजर, वरून लिंबू.

शेजारचा निळा डबा कंडक्टरकाकांचा. आत तोच ऐवज आहे. काल ते रस्त्यात भेटले आणि म्हणाले, "तुझ्या हातच्या डब्याने माझी ढेरी गेली की रे!" तेव्हा कळलं, महिनाभर डबा कोण खातंय आणि स्टँडवरचे तळलेले बटाटे कोण. काका ठणठणीत आहेत, पण बस ते चालवत नाहीत. शुक्रवारी डॉक्टर बीपी तुझं मोजणार. ते चढलेलं निघालं तर तुला स्टिअरिंगवरून उठवून ऑफिसात बसवतील, मग तुझा हॉर्न घरात वाजेल.

तेव्हा आज दोघांनी आपापला डबा खायचा. तुझ्यावर लक्ष ठेवायला काकांना सांगितलंय. निळ्या डब्याचं नाव काढताच ते फितूर झाले.

सबब, अर्जदाराची सेवा लक्षात घेऊन त्यास आजपासून तुझा थोरला भाऊ म्हणून बढती मिळावी, ही नम्र विनंती.