दाराच्या यंत्राचे पत्ते

८ ऑक्टोबर, मंगळवार

इंटरनेटवरचं पान अजून बंदच. आठ दिवस झाले! वीज पडून दाराचं यंत्र – लोकांची नावं आधी ज्या संगणकात येतात ते – जळलं, नवं आणलं, तेव्हापासून हे. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरच्यांनी त्या पानावर नाव भरायचं, मग नर्स मर्सी सिस्टरची गाडी त्या घरी जाते – ते पान सांभाळणं हे आमच्या खोलीतल्या सहा बायकांचं काम. आता नाव भरायला गेलं की पांढरं पान आणि मधोमध इंग्रजीत एक शिवी.

आज आमच्या समितीचे सेक्रेटरी माश आले, म्हणजे मास्तर. शाळेत गणित शिकवायचे, अजून तसेच बोलतात. "तंकमणी, पुढच्या मंगळवारी समितीची बैठक. तोवर पान उघडलं नाही तर काम एर्नाकुलमच्या कंपनीला. तुमची खोली बंद."

म्हटलं, "माश, उघडेल."

कशाच्या जोरावर म्हटलं देव जाणे. सातवी नापास मी.

९ ऑक्टोबर

हे सगळं बसवून देणारा पोरगा आता दुबईत. चौथ्यांदा फोन उचलला. "चेची, मीटिंगमध्ये आहे." ताई म्हणतो आणि फोन ठेवायला बघतो! म्हटलं, मीटिंग घाल खड्ड्यात, आधी सांग.

सांगितलं. यंत्रं दोन. एक दाराशी, लोक आधी तिथे येतात. दुसरं आत, खरं काम तिथे. दोघांना जोडणारी एक फाइल. ती आतलं यंत्र बनवतं आणि तीत पत्ते लिहितं – किल्ली कुठल्या फोल्डरमध्ये, तिचा परवलीचा शब्द कुठे, नोंदी कुठे ठेवायच्या. जुन्या दाराच्या यंत्रात फोल्डर तसेच होते, म्हणून चाललं. नव्यात ते नाहीतच. "तीन ओळी आहेत चेची. हाताने बदला."

तीन ओळी! आठ दिवस तीन ओळींसाठी!

"मी म्हणत होते ना, नव्या यंत्रात..." शीजा सुरू झाली. शीजा आमच्यात एकटी बारावी पास. एक वाक्य बोलायला तिला अख्खी सकाळ लागते. गप्प केलं.

१० ऑक्टोबर

शीजाने एकेक अक्षर वाचलं, मी एकेक ठोकलं. जुन्या पत्त्यात तिरक्या रेघा डावीकडे कललेल्या, नव्यात उजवीकडे. एक मोठं अक्षर लहान पडलं – परत सगळं! मान मोडली.

तीन वाजता पान उघडलं! तासाभरात चार नावं आली. केळ्याची भजी मागवली. दोन मीच खाल्ली.

११ ऑक्टोबर

आले, दिवा लावला, रोजचं बटण दाबलं, चहा ठेवला – आणि पान बंद. फाइल उघडून बघते तर आत जुने पत्ते! कुणी केलं हे?

"मी हात नाही लावला, चेची." मग काय भुताने लावला? शीजाला बोलले. बरंच बोलले. "तुझी बारावी चुलीत घाल" असंही बोलले. ती डबा न उघडता बसून राहिली.

परत बदललं. दुपारी चालू.

सिस्टर सांगत होती – कुंजुवरीदच्या मुलीने सकाळी तीनदा नाव भरायला घेतलं. म्हाताऱ्याची लघवीची नळी तुंबली होती. सिस्टर पोचली तेव्हा तो भिंतीवर डोकं आपटत होता.

मला डबा गेला नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

परत बंद! परत जुने पत्ते!

शीजा म्हणाली, "रोज सकाळीच का बिघडतं, ते बघू या ना." म्हटलं, बघणारी तू कोण, हात चालव. तिसऱ्यांदा बदललं.

संध्याकाळी सगळं पूजेला मांडायचं – कीबोर्ड, माउस, वह्या. विजयादशमीपर्यंत कशालाही हात नाही. यंत्रं तेवढी चालू. सिस्टर म्हणाली, "आजाऱ्यांना नवमीची सुट्टी नसते."

१४ ऑक्टोबर, विजयादशमी

काल लिहिलं नाही, ही वहीही पूजेत होती. काल दिवसभर पान चालू! अकरा नावं!

आज सकाळी पूजा उतरवली. तांदळात बोटाने हरिश्री, पहिली अक्षरं, गिरवली. दिवा लावला, बटण दाबलं. चहाला उकळी येईतो सिस्टरचा फोन – "चेची, बंद पडलं."

हातात गाळणी तशीच राहिली. बटण!

त्या पोराने चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं, "रोज सकाळी हे एकदा दाबा, फाइल ताजी होऊन दारापर्यंत जाईल." तेव्हापासून चप्पल बाहेर, दिवा, बटण. मीच दाबते. दुसरीला दाबू देत नाही! ताजी फाइल म्हणजे आतल्या यंत्राने पुन्हा लिहिलेली, जुने पत्ते घालून. दुपारी मी दुरुस्त करायचं, सकाळी मीच पुसायचं. काल बटणाला हात लावला नाही, म्हणून चाललं.

शीजाला सांगितलं. वाटलं, हसेल. "चेची, आधी तीन ओळी बदलू. रडायचं नंतर." रडत नव्हते मी.

ओळी बदलल्यावर तिनेच विचारलं, "आतल्या यंत्रालाच नवे पत्ते शिकवले तर? मग ते लिहीलच बरोबर." दोन तास शोधलं. सापडली जागा. पत्ते भरले. मग बटण – मी डोळे मिटून दाबलं. पान चालू! पाच वेळा दाबलं. पाचही वेळा चालू!

१५ ऑक्टोबर

बैठक. पान उघडून दाखवलं. माशांनी स्वतःचं नाव भरून बघितलं, सिस्टर म्हणाली, "येऊ का उद्या इंजेक्शन घेऊन?" सगळे हसले. मग माशांनी विचारलं, "चूक कुणाची होती?"

दुबईवर ढकलता आलं असतं. उठले. "माझी. आणि शीजाला नको ते बोलले, तेही लिहून घ्या."

माशांनी वहीत लिहून घेतलं. "काम इथेच राहील. पण खोलीची प्रमुख अशी हवी, जी आधी बघते आणि मग हात लावते. नाव तुम्हीच लिहून द्या."

कोरा कागद घरी आणलाय.

१६ ऑक्टोबर

शीजाचं नाव लिहिलं. बाकी पाचही जणींच्या सह्या झाल्या. तिचा पहिला हुकूम – "तंकमणी चेची, चहाच्या आधी ओरडायचं नाही."

साडेदहापर्यंत ओरडले नाही.