हलगी तबल्याशेजारी

बाई,

आज चाकणला कंपनीत एका नव्या गाडीतला आवाज शोधत होते. वेग वाढला की समोरून कुठून तरी बारीक घूं ऐकू येत होतं. बरोबरचे दोघे इंजिनिअर "मॅडम, फॅन असेल", "नाही, वायरिंग असेल" असं म्हणत राहिले आणि मी सवयीने विचारलं, "आधी सांगा, हलतंय काय?" तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हा प्रश्न माझ्या तोंडी तुमच्याच सुरात येतो. शेवटी सापडलं. काचेच्या रबराला फट होती आणि तिच्यातून वारा शीळ घालत होता. तुम्ही असतात तर त्या गाडीला सरळ बासरीशेजारी बसवलं असतंत.

दापोडीच्या शाळेत संगीताच्या तासाला तुम्ही आम्हाला घरून आवाज करणारी एखादी वस्तू आणायला सांगितली होती. सतरंजीवर चार जागा केल्या होत्या. तार हलली तर तत, आतली हवा हलली तर सुषिर, ताणलेलं कातडं हललं तर अवनद्ध आणि वस्तूचं सगळं अंगच हललं तर घन. कुणी जत्रेतली बासरी आणली, कुणी टाळ, एकीने तर जेवणाचं ताट. मी आजोबांची हलगी आणली होती, चादरीत गुंडाळून. वडील फर्स्ट शिफ्टला गेल्यावर आईने ती माळ्यावरून काढून दिली होती. मी चादर सोडली तशी मागून एकजण म्हणाली, "ही मयतीला वाजवतात." मी चादरीची टोकं पुन्हा गोळा करायला लागले.

तुम्ही उठून येता. रागावत नाही. हलगी खिडकीतल्या उन्हात धरता, कातडं तापून ताठ होईपर्यंत. मग बोटांनी वाजवून त्या मुलीलाच विचारता, "हलतंय काय?"

"कातडं."

"मग ठेव तिच्या जागी."

तिने ती अवनद्धाच्या जागेवर, शाळेच्या तबल्याशेजारी ठेवली. "एकाच घरातली आहेत ही," एवढंच म्हणून तुम्ही ताटाकडे वळलात.

हलगी त्या दिवशी शाळेतच राहिली. घरी कळल्यावर वडील चिडले. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या कपड्यांतच ते शाळेत आले. "बाई, आमी हे सोडलंय. गावात सांगतील त्याच्या दारात जाऊन माझ्या बापाला वाजवावं लागायचं. न्हाई म्हणायची सोय नव्हती. पोरीच्या हातात ती नको." मी दारात उभी होते. तुम्ही आता त्यांना समजावणार असं मला वाटलं. तुम्ही खुर्ची पुढे केलीत आणि म्हणालात, "मला हे माहीत नव्हतं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं." हलगी नीट चादरीत बांधून त्यांच्या हातात दिलीत.

वडील लगेच उठले नाहीत. "पोरगी म्हणत होती, तबल्याजवळ ठेवली व्हती."

"तिथलीच आहे ती," तुम्ही म्हणालात.

हलगी माळ्यावर परत गेली नाही. वडिलांनी ती भिंतीला टांगली. पुढच्या जयंतीला मिरवणूक निघायच्या वेळी त्यांनी ती खाली काढून गळ्यात अडकवली. आईने विचारलं, "आज कसं काय?" ते म्हणाले, "आज माझ्या मनानं." तुम्ही स्टेशनच्या रस्त्याला कडेला उभ्या होतात. वडिलांनी तुम्हाला पाहिलं आणि आमची मिरवणूक तिथे जरा जास्तच वेळ थांबली.

आता ते निवृत्त आहेत. आम्ही काळेवाडीत राहतो. रविवारी सकाळी ते गल्लीतल्या मुलींना हलगी शिकवतात. शेजारी आधी कुरकुर करतात, मग चहाला येऊन ऐकत बसतात. माझंही बरं चाललंय, बाई.

या पत्राला पत्ता नाही, म्हणून धीर करून लिहिते. त्या तासाला तुम्ही शाळेची पेटी सुषिर वाद्यांत ठेवलीत, भात्यातल्या हवेमुळे, आणि मी मान डोलावली. पण पुढे मी एक पेटी उघडून पाहिली. हवा नुसती ढकलते, हलते ती पितळेची पत्ती. मग पेटी घन का नाही? पुस्तकं तुमच्या बाजूने आहेत, मला माहीत आहे. तरी मला ते अजून पटलेलं नाही. आणि यावर भांडायला तुमच्यासारखं दुसरं कुणी मला सापडलेलं नाही.