फिल्टरच्या अलीकडची सुई

प्रिय धाकट्यास,

थोरल्याचे अनेक आशीर्वाद. येथे आम्ही दोघे बरे आहोत. म्हणजे तुझी वहिनी बरी आहे आणि मी, तिच्या म्हणण्यानुसार, बरा नसण्याचे काही कारण नाही. तुझ्या गुडघ्याचे कसे काय? मागल्या पत्रात तू ‘गुडघा बरा आहे’ एवढेच लिहिलेस. गुडघे दोन असताना इतके मोघम विधान करू नये. येथे दोन दिवस डाव्याची काळजी करावी की उजव्याची, यावर वाद चालला.

आता तुझ्या पत्रातील मुख्य विषय, म्हणजे बाबांचा ट्रक. गेल्या खेपेस तू चालवून पाहिलास, तो चढावर बंद पडतो. जे चढावर बंद पडते ते निकामी. म्हणून महिनाअखेरीस त्यास भंगारवाल्याच्या हवाली करावे, असा तुझा युक्तिवाद आहे. ट्रक आपल्या दोघांच्या नावावर असल्याने तू माझी संमती मागितलीस, हे रीतीला धरून झाले. परंतु तुझे दुसरे विधान मला मान्य नाही. अलीकडे ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मीही मध्येच बंद पडतो. (हे वाक्य तुझ्या वहिनीने खांद्यावरून वाचले आणि “मग त्या माणसाला दोन्ही नग एकदमच दाखवू” असे म्हणाली. पुढील मजकूर मी दार लावून लिहीत आहे.)

संमती देण्यापूर्वी ट्रक का बंद पडतो हे पाहणे मला आवश्यक वाटले, म्हणून फिटरला बोलावले. हा माझा जुना विद्यार्थी. तर्कशास्त्राच्या तासाला तो खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्या पाहत असे, आणि परीक्षेत फसव्या कारणाचे उदाहरण म्हणून त्याने माझेच एक वाक्य लिहिले होते. (गुण द्यावे लागले.) त्याने बॉनेट उघडले, आत डोकावला आणि निकाल दिला, “सर, टाकीतनं डिझेल ओढणारा पंप म्हातारा झालाय. बदलून टाकू.” मी म्हटले, म्हातारपण हा दोष नव्हे, ते वय आहे, पुरावा दे. तेव्हा डिझेलचा दाब दाखवणारा गेज बसवावा असे ठरले.

येथे एक बारकावा आहे, तो नीट समजून घे. डिझेल टाकीतून पंपात येते, पंपातून फिल्टरमध्ये आणि फिल्टरमधून पुढे इंजिनाकडे जाते. गेज फिल्टरच्या अलीकडे लावावा की पलीकडे? मी अलीकडे म्हटले. आरोप पंपावर आहे, तर साक्ष थेट पंपाकडूनच घ्यावी. मध्ये तिसऱ्याला तोंड घालू देऊ नये. फिटरनेही तत्काळ मान डोलावली. ज्याला माझे एकही प्रमेय कधी पटले नाही त्याला हे पटले, तेव्हाच मी सावध व्हायला हवे होते.

डिझेलची नळी केबिनमध्ये आणणे धोक्याचे, म्हणून गेज बाहेर बॉनेटवर, काचेकडे तोंड करून, तारेने आवळला. जोडातली हवा काढण्यासाठी नट सैल केला. हवा गेली आणि तिच्या मागोमाग आलेले डिझेल माझ्या बाहीने टिपले. (तो सदरा आता तुझ्या वहिनीने पुरावा म्हणून वेगळा ठेवला आहे.) इंजिन सुरू होताच सुई थरथरू लागली. थरथरणाऱ्या साक्षीदाराची जबानी नोंदवायची कशी? फिटरने नळीवरची बारीकशी चावी किंचित आवळली, आणि सुई एका जागी उभी राहिली. वर्गात अशी एखादी चावी असती तर माझी निवृत्ती इतकी वेळेवर आली नसती.

मग आम्ही टेकडीच्या चढाला निघालो. फिटर स्टिअरिंगवर, मी मध्ये, आणि तुझ्या जागेवर, खिडकीशी, तुझी वहिनी. (“दोन शहाण्यांना एका गाडीत एकटं सोडवत नाही,” असे तिचे कारण.) त्या आसनावर बसताच मला बाबांचा नियम आठवला. चढ सुरू झाला की ते डावा हात वर करत, आणि त्या क्षणापासून माथ्यापर्यंत कोणी बोलायचे नाही. गेज कुठला, त्यांना कान होते. मागे लाकडाचे ओंडके, पुढे चढ, आणि आपण दोघे तोंडातली गोळीसुद्धा गालात दाबून गप्प. एकदा तू सबंध चढभर शिंक अडवून धरलीस आणि माथ्यावर अशी सोडलीस की बाबांनी टायर फुटला समजून ब्रेक मारला. उतरून त्यांनी चारी बाजूंनी पाहणी केली. आपण हसलो नाही, कारण हसण्याची परवानगी मिळाली नव्हती.

असो. सुई चढभर ताठ होती, उलट सपाटीवर होती त्याहून वर. मी दर वळणाला खणखणीत आवाजात दाब जाहीर करत होतो. पंप निर्दोष असल्याचे मी फिटरला समजावून सांगत असतानाच, पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर, ट्रक धापा टाकत बंद पडला. मागून पांढरट धूर आला. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी आहे, हे अनुमान मी आयुष्यभर शिकवले. येथे डोंगर होता, धूर होता. नव्हता तो फक्त अग्नी.

“गेज म्हणतो सगळं छान, आणि गाडी तर मेलीय. कोण खोटं बोलतंय?” तुझ्या वहिनीने विचारले.

“गेजच बोगस असणार,” फिटर म्हणाला.

मी दगडावर बसून विचार केला. दोघेही खरे बोलत असतील तर? पंप डिझेल जोराने ढकलतो आहे आणि ते इंजिनाला पोहोचत नाही, म्हणजे अडवणारा मध्ये बसला आहे. ज्याला मी तोंड घालू दिले नाही, तोच आरोपी! गेज काढून फिल्टरच्या पलीकडे लावला. इंजिनावर जोर देताच सुई झोपली. फिल्टर उघडला तर आत टाकीतला गंज, चिखलासारखा. इतकी वर्षे ट्रक शेडमध्ये उभा राहिला. दुसरे काय होणार? म्हणजे ट्रक निकामी नव्हता, तो बिनवापराचा होता. या दोहोंतला फरक तुझ्या पत्रात कोठेही आढळत नाही.

टाकी धुऊन, नवा फिल्टर घालून आम्ही पुन्हा चढलो. आता दाब डोळ्यांना दिसत असल्याने गप्प राहण्याचे प्रयोजन उरले नव्हते, आणि दोघेही मनसोक्त बोलत होते. मला मात्र ते रुचेना. पाण्याच्या टाकीजवळच्या वळणावर मी नकळत डावा हात वर केला. दोघेही थांबले. इंजिन एकटेच बोलत राहिले, जाड, सलग, बाबांच्या वेळचे. आम्ही माथ्यावर पोहोचलो. त्या वळणावर सुई कितीवर होती, असे तू विचारशील, आणि तो प्रश्न रास्त आहे. मला सांगता येत नाही. मी तिकडे पाहत नव्हतो.

सबब नेमक्या निर्णायक ठिकाणची नोंद उपलब्ध नाही आणि माझा पक्ष तेवढा दुबळा आहे. या बाबतीत मी तटस्थ असून निर्णय सर्वस्वी तुझ्यावर सोपवतो.

तुझा,
थोरला

ता. क. भंगारवाला काल येऊन गेला. ‘धाकट्याची तयारी नाही’ असे मी त्यास तुझ्या वतीने सविस्तर समजावले. त्याचा फोन आल्यास आश्चर्य दाखवू नकोस.

ता. क. फिटरला स्वतःची कामे आहेत आणि ट्रक पुन्हा उभा राहिला तर पुन्हा गंजेल. तो चालवू शकणारा कुटुंबात एकच इसम आहे. मी त्यास बोलावत नाही. तुझी खोली झाडून झाली आहे, एवढे नमूद करतो.

भाऊजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून दोन ओळी. सविस्तर वगैरे काही झालं नाही, तुमचं नावसुद्धा निघालं नाही. भंगारवाला शेडपाशी आला, तर हे दारात आडवे उभे राहिले आणि “नाही” म्हणाले. त्याने विचारलं, का हो? तर परत “नाही.” लग्न झाल्यापासून ह्यांना कारण न देता बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. गुडघा कुठलाही असो, या.