गारगोट्यांची कोंबडी

पिंपरी
५ डिसेंबर १९७१

ती. सोजरआक्कास,
शि. सा. न. वि. वि.

कंपनीला युद्धाचं काम आलंय, रोज ओव्हरटाइम. दिघीला यायला जमत नाही म्हणून पत्रावर भागवतो. काल आपल्या गावचा ज्ञानदेव गेटवर भेटला. म्हणाला, तुझ्या आक्कानं टेकडीवर गारगोट्या मांडून बैलगाडीएवढी कोंबडी केलीय आणि लष्कराचा सुभेदार ती बघून गेला. शेळ्या राखता राखता दगड मांडायची तुझी हौस मला ठाऊक आहे. पण आक्का, इथं आम्ही खिडक्यांना काळे कागद चिकटवून बसलोय आणि तू विमानांना पांढरी कोंबडी दाखवतेस! माझं नाव पोलिसात गेलं तर कंपनी मला दारात उभं करणार नाही. पत्र मिळताच ती मोड. सुभद्रा म्हणते, कोंबडीच हवी असेल तर वन्संना खरी पाठवते.

रागावलो असलो तरी लोभ कमी करू नये.
तुझा
साहेबराव


दिघी
८ डिसेंबर १९७१

चि. साहेबरावास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. माझ्या घराला एकच खिडकी, तिला गोणपाट लावलंय. परवा सुभेदार पुन्हा आला. साताऱ्याकडचा आहे, बोलायला सरळ. त्याचं म्हणणं, कोंबडी पांढरी आहे हे एक, आणि तिची चोच बाणासारखी बरोबर लष्कराच्या तारेच्या आतल्या गोदामावर रोखलीय. अशी मांडायला कुणी सांगितलं, असं त्यानं तीनदा विचारलं. मी म्हटलं, गोदामाच्या आधी तिथं आमच्या अण्णांचं खळं होतं, कोंबडी दाण्याकडेच बघणार. मग म्हणाला, निदान चोच नदीकडे फिरवा. मी नाही म्हटलं.

तू तेव्हा पाळण्यात होतास. मळणी चालायची आणि मी कोंबड्या हाकायला बसायचे. जमीन तारेत गेली त्याचा कागद अण्णांना वाचता आला नाही, मला तर कुणी काही विचारलंच नाही. साहेबराव, मी जन्मभर भाकरी थापल्या, त्या खाल्ल्या गेल्या. सारवलं, ते उखडलं. गोधड्या शिवल्या, त्या विरल्या. ही एवढी कोंबडी जागेवर आहे. ती मी मोडणार नाही.

विमानाची भीती मात्र मला पटली. म्हणून सांजच्याला कोंबडी डालग्याखाली झाकतात तशी मी तिला झाकली. सहा भारे कुसळी गवत, वर बोराट्या. सुभेदाराला सांगितलं, खुडूक बसलीय असं समजा. तो चहूकडून बघून गेला. युद्ध संपेपर्यंत मांडलेला एकही दगड हलवायचा नाही, असं बजावलंय. मी कबूल केलंय.

सुभद्रेची कोंबडी येऊ दे, अंडी तरी मिळतील. तुमच्या दोघांवर माझी माया आहे, भांडणाचा तिला धक्का नाही.
तुझी आक्का


पिंपरी
१२ डिसेंबर १९७१

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

गवत वाऱ्यानं उडेल, शेळ्या खातील, याची धास्ती वाटते. दुसरं सांगायला लाज वाटते. फोरमननं सगळ्यांदेखत विचारलं, ती दिघीची कोंबडीवाली तुझी कोण? मी म्हणालो, कोणी नाही. त्या दिवशी डबा तसाच परत आणला. सुभद्रा माझ्याशी बोलत नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
साहेबराव


दिघी
१९ डिसेंबर १९७१

चि. साहेबरावास आशीर्वाद.

युद्ध थांबलं, काल गवत काढलं. सुभेदार दोन जवान घेऊन स्वतः बोराट्या ओढायला आला. खालून कोंबडी निघाली आणि तिच्या पंखाशी अकरा पिल्लं. गवत उडतं म्हणून मी रोज सारखं करायला जायचे, ओटीत गारगोट्या न्यायचे. रोज एक पिल्लू. मांडलेला दगड एकही हलवला नाही, हे त्याला मी दाखवून दिलं. दहांच्या चोची खळ्याकडे आहेत. त्यानं त्या बोटानं मोजल्या, गोदामाकडे बघितलं, आणि वही न काढताच टेकडी उतरला.

अकरावं पिल्लू तू फोरमनला बोललास ते कळलं त्या दिवशीचं. त्याला मी चोच लावलेली नाही. पुढच्या रविवारी सुभद्रेला घेऊन ये. येताना फोरमनला सांगून ये की बहिणीकडे चाललोय. तेवढा दगड तू तुझ्या हातानं ठेवायचास, भर दुपारी, तारेवरचा पहारेकरी बघत असताना. चोच कुणीकडे करायची ते तुझं तू ठरव.

कोंबडीवालीचा लोभ होता तसाच आहे.
तुझी आक्का
सोजर