जमिनीतून येणारं ऊन

द्वारका, नाशिक

प्रिय तृप्ती,

सूनबाई या पत्राचा फोटो काढून तुला पाठवणार आहे, म्हणून अक्षर जरा टपोरं काढलंय. बोअर किती खोल गेलं, पाणी किती तापलेलं निघालं, ते तुझा जुना सोबती अमित फोनवर सांगेल. मला आकडे कधी लक्षात राहिले नाहीत, कविताच राहिल्या. तेव्हा मी माझ्या पद्धतीनं सांगतो. उन्हाळपाड्याच्या माळावर आपलं बोअर लागलं. वाफ आली, पोरी.

सकाळपासून सुरगाण्याच्या डोंगरातली आपली आश्रमशाळा डोळ्यांसमोर आहे. मी चालीवर कविता म्हणायचो आणि तुम्ही पोरं माझ्या पाठीमागे मला ‘गाणारे गुरुजी’ म्हणायचात. एका कवितेत कोवळं ऊन आलं होतं. मी विचारलं, ऊन कुठून येतं? सगळ्यांनी कौलांकडे बोट केलं, तू एकटीनं पायाखाली. “जमिनीतून, गुरुजी.” मी हसलो, तर तू हाताला धरून मला पाड्यामागच्या झऱ्यावर नेलंस. पाण्यात बोटं घातली आणि झटकन मागे घेतली मी. तुमच्याकडे त्या कढत झऱ्याला उन्हाळे म्हणतात आणि त्याच्या पाण्याला नुसतं ऊन. मराठीचा मास्तर असून त्या दिवशी मला एक शब्द नव्यानं मिळाला.

त्याच शब्दानं पुढे आपला घात केला. तू भूगर्भशास्त्र शिकून आलीस. जमिनीखालच्या या उष्णतेवर नागली, आंबापोळी, मोहाची फुलं सुकवायची शेड चालेल, पाड्यावर दिवेही लागतील, मग दिवाळी झाली की घरांना कड्या घालून द्राक्षबागांत जगायला जावं लागणार नाही, हे तू एकेकाच्या ओट्यावर बसून पटवलंस. पण पाहणीपुरतं भोक पाडायचं म्हटलं तरी केंद्राच्या नियमांत ते खाणीत मोडायचं. अर्जामागून अर्ज गेले. शेवटी वरून उत्तर आलं, ते आठवतं? भाषांतर करणाऱ्यानं ‘उन्हाळे’ म्हणजे ग्रीष्म ऋतू धरला होता. उन्हाळा संपला असल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. आपण दोघं पोट धरून हसलो. तुझी आई तेवढी हसली नाही. भागीबाई चांदवडच्या बागेतून नुकती परतली होती. म्हणाली, “आमचा उन्हाळा कधी संपला, गुरजी, ते आमालाबी कळवा.” त्याच पावसाळ्यात तू आइसलँडला गेलीस, वाफेच्या विहिरी खणायला. मी तुला इथूनच, द्वारकेवरून, मुंबईच्या गाडीत बसवलं.

यंदा केंद्रानं नियम सैल केला. पाहणीचं बोअर आता खाण धरत नाहीत. एकच अर्ज करायचा, आणि होय की नाही ते त्यांनी मुदतीत सांगायचं. अमितनं तुझाच आराखडा पुन्हा पाठवला. या वेळी अर्जात मी माझ्या हातानं लिहिलं, ‘उन्हाळे म्हणजे गरम पाण्याचा झरा, ऋतू नव्हे’. परवानगी आली, तिच्यावरही तसंच छापलेलं, ‘उन्हाळे, ऋतू नव्हे’. आता पाड्यावर कुणी घाम पुसला की दुसरा म्हणतो, ऋतू नव्हे हां.

मशीन आलं तेव्हा भागीबाईनं आधी झऱ्याच्या काठी नारळ ठेवला आणि झऱ्याला धक्का नको म्हणून बोअर लांब माळावर घ्यायला लावलं. मग नुसता काळा दगड. दिवसेंदिवस दगड. अमितचं तोंड उतरत चाललं. एका दुपारी वर येणारा चिखल भागीबाईनं बोटांत घेतला आणि म्हणाली, “अंघोळीपुरतं ऊन झालं.” थोड्या वेळानं म्हणाली, “आता चहापुरतं.” आणि मग जमीन अशी फुत्कारली की सगळे मागे पळाले. मी पळालो नाही, गुडघे कुठे पळू देतात? मी तीच कोवळ्या उन्हाची कविता मोठ्यानं म्हणायला लागलो. तुझ्या वर्गातली पोरं, आता त्यांच्याच कडेवर पोरं आहेत, मागून म्हणायला लागली. एकही ओळ चुकली नाही.

शेड उभी राहिली, पाइप जोडून झाला. बोअरच्या तोंडावरचं लोखंडी चाक फिरवलं की वाफ शेडमध्ये. त्यासाठी शहरातून मोठे पाहुणे आले होते, फीत होती, माइक होता. भागीबाई चाकापुढे फतकल मारून बसली. “सायेब, चटका बसंल. माझ्या पोरीला सवय हाय चटक्याची, तिला येऊ द्या.” पाहुणे चहा घेऊन परत गेले. चाक तसंच आहे, आणि पाड्यावर कुणाची त्याला हात लावायची छाती नाही. फोनवर मात्र ती तुला यातलं काही बोलणार नाही. पोरीचं तिकडं बरं चाललंय, मधी कशाला बोलू, म्हणते. परवा माझ्या घरी आली आणि उठताना म्हणाली, “तुमी लिवा, गुरजी. कविता नका लिवू. एवढंच लिवा, जगायला गेलेली माणसं पेरणीला घरी येत्यात.”

मृग जवळ आलाय, तृप्ती.

तुझ्या वाटेकडे आणि त्या चाकाकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच
गाणारा गुरुजी