गाण्याखालचा आवाज

१२ मार्च १९९५, मंचेरियल
१. आमची मनू गेल्या श्रावणात तापाने गेली. दोन वर्षांची होती.
२. तिचं हलतं चित्र एकाच ठिकाणी आहे: धाकटे दीर, विलासभाऊजी, यांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट. बेल्याला, सासरच्या गावी, घातलेला मांडव.
३. त्यात ती कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलते.
४. व्हिडिओवाल्याने कॅसेटभर सिनेमाची गाणी चढवली आहेत. मूळ आवाज पुसला गेला.
५. मी टीव्ही-व्हीसीआर दुरुस्त करते. पुसलेला आवाज परत येत नाही, हे मला माहीत आहे. आज पुन्हा लावून पाहिलं.

१५ मार्च
हे खाणीतून आले, तसेच टीव्हीसमोर. आवाज बंद करून. "बाबा म्हणते पाय. मलेच हाक मारून राह्यली." चित्र थांबवून पाहिलं. ओठ मिटत नाहीत. 'बाबा'ला मिटायला हवेत. सांगितलं. हे उठून गेले. जेवले नाहीत.
'आई' असू शकतं. ते मी यांना सांगितलं नाही.
थांबवलं की टेप तिथेच घासते. त्या जागी आता पांढऱ्या रेषा.

२ एप्रिल, बेला
सासूबाई: "नको पाहू वो सारखी सारखी. लेकरू तिकडं अडकून राह्यते." मी भाजी निवडत राहिले.
दुपारी भाऊजींच्या मोटरसायकलवर आदिलाबाद. बिनगाण्याची कॅसेट आहे का विचारलं. व्हिडिओवाला हसला, "बिनगाण्याचं लग्न कोन पाह्यते वयनी? भटजीचं खोकलनं आयकता काय?" भाऊजींनी त्याला बाजूला नेलं. परत आला तेव्हा माझ्याकडे बघेना.
शूटिंगच्या मूळ कॅसेटवर गाणी नसतात. त्याच तो पुढच्या लग्नाला पुन्हा वापरतो. जुन्या काही खोक्यात आहेत, त्याच्या गावाकडच्या घरी. नावं टाकलेली नाहीत. "पाहून ठेवतो ना, काऊन घाबरता?"
लगीनसराई तोंडावर.
येताना भाऊजी म्हणाले, "वयनी, नसन त मंग?"


९ एप्रिल, मंचेरियल
आदिलाबादहून निरोप नाही. ह्यांनी विचारलंही नाही, पण टपाल आज स्वतः आणलं.
व्हिडिओवाल्याला पत्र टाकलं. नक्कल:
"खोक्यातल्या कॅसेटवर नवीन शूटिंग घेऊ नये. तितक्या कोऱ्या कॅसेट मी आणून देईन. शोधत बसण्याचा त्रास तुम्हाला नाही. मी येऊन एकेक लावून पाहीन. मुलीने पिवळा फ्रॉक घातला आहे. खोकं आहे तसं आहे का, एवढंच २० एप्रिलपर्यंत कळवावं. नसेल तर तसंही कळवावं."