कुलपांचं खोकं

अहो,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. दार नुसतं ओढून घेतलंय, कारण घराचं कुलूपही लेकीच्या कुलपांच्या खोक्यातच होतं. तिनं काल ते तेल घालायला घेतलं होतं.

खोकं तुम्ही सकाळी भंगारवाल्याच्या गाडीवर ठेवलंत, हे मला शेजारच्या काकूंकडून कळावं? "हे कुलपांचं वेड मोडायलाच हवं," असं तुम्ही म्हणायचात, पण खरंच असं काही कराल हे स्वप्नातही वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी किती समजावलं होतं, की ऑटिझम असलेल्या मुलीचं हे वेड म्हणजे हट्ट नव्हे, तिचा आधार आहे. तुम्ही मान डोलावली होतीत!

शाळेतून आल्यावर पलंगाखालची रिकामी जागा पाहून ती आकांत करणार, म्हणून मी धास्तावून बसले होते. ती रडलीच नाही. तिनं दप्तराचं चिमुकलं कुलूप काढलं, कानाशी हलवून पाहिलं आणि तुमच्या उशीवर ठेवलं. म्हणाली, "बाबांकडे एकसुद्धा नाही ना, म्हणून त्यांना माझी बघवत नाहीत."

आम्ही दोघी भंगाराच्या दुकानात चाललोय. आपलं एकेक कुलूप ती आवाजावरून ओळखेल, पण मालक ढीग उपसू देईल की हाकलून देईल, देव जाणे.

उशीवरचं कुलूप लावलेलं आहे. किल्ली तिच्या मुठीत आहे. ती तिच्याकडे तुम्हीच मागायची.